दुसरा मोल्सवर्थ

ठाण्याच्या कुठल्याही जुन्या वाचनालयात 'मोल्सवर्थ आहे का हो?' असं विचारलंत, तर बोट शब्दकोशांच्या कपाटाकडेच जाईल. बरोबरच आहे ते. मराठी माणसाला माहीत असलेला मोल्सवर्थ एकच. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, मुंबईच्या कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. त्याने कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळींच्या मदतीने 1831 साली मराठी-इंग्रजी कोश काढला, 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती आणली. शास्त्रीमंडळी त्याला 'मोलेसरशास्त्री' म्हणत.

आमच्या नौपाड्यातल्या घरात मात्र 'मोल्सवर्थ' म्हणजे शब्दकोश नव्हे. वडील रेल्वेत, रुळांच्या देखभालीच्या खात्यात होते. त्यांच्याकडे कोटाच्या खिशात मावेल असं एक चिमुकलं पुस्तक होतं. कुणा जुन्या साहेबाकडून खालच्या माणसाकडे, तिथून पुढच्याकडे असं ते आलेलं. कडा बोटांनी काळ्या झालेल्या, पुठ्ठा दोऱ्याने शिवलेला. हा दुसरा मोल्सवर्थ: गिलफर्ड लिंडसे मोल्सवर्थ.

हा 1828 साली इंग्लंडमध्ये जन्मला, एका पाद्र्याच्या घरी. पुटनीच्या स्थापत्यशिक्षणाच्या कॉलेजात शिकला. मग त्या काळच्या रिवाजाप्रमाणे उमेदवारी: आधी रेल्वेत, नंतर मँचेस्टरला विल्यम फेअरबेर्नच्या कारखान्यात. क्रिमियन युद्धाच्या काळात तो वुलिचच्या शस्त्रागारात होता. लाकूड यंत्राने कसं कापावं, रंधावं यावर त्याने 1858च्या सुमारास एक निबंध वाचला आणि त्याला पदक मिळालं. तोवर त्याची ओळख एवढीच की हुशार आहे, हातचं काम जाणतो.

पुस्तकाची गोष्ट सुरू होते त्याने सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, वाट धरली तिथून. 1859 साली तो तिकडे गेला, 1862 साली तिथल्या सरकारी रेल्वेचा मुख्य अभियंता झाला. कोलंबोहून कँडीला जायचं म्हणजे कडुगन्नावाचा घाट चढायचा, 45 ला 1 असा चढ. ही गाडी 1867 साली कँडीला पोचली. हे काम चालू असतानाच, 1860च्या दशकाच्या सुरुवातीला, लंडनच्या स्पॉन या प्रकाशकांनी त्याची सूत्रांची आणि टिपणांची खिशातली वही पुस्तक म्हणून छापली. त्याने ती का केली असेल, याचा माझा आपला अंदाज असा: जंगलात तंबू ठोकून बसलेल्या माणसाला तुळईची जाडी किंवा नळातून वाहणारं पाणी कुणाला विचारता येत नाही. जवळ असतं ते खिशात. पुस्तकात नवा शोध एकही नव्हता. होतं ते निवडलेलं, आणि हवं तेव्हा सापडेल असं रचलेलं. कोशकाराची करामत यातच. तुळया, छपरं, पाणी, मातीकाम, वजनं, वळणं. पुढच्या आवृत्त्यांत विजेचाही भाग आला.

वळणाचं पान वडिलांनी मला लहानपणी दाखवलं होतं. मोजणीची दुर्बीण नसताना सरळ रुळापासून वाकणारी रेघ जमिनीवर कशी आखायची? सरळ रेषेत जितकं पुढं गेलात त्याचा वर्ग करा, त्रिज्येच्या दुपटीने भागा. उत्तर येईल तेवढं काटकोनात आत सरका आणि खुंटी ठोका. त्रिज्या 500 मीटर, पुढं गेलो 20 मीटर: 400 भागिले 1000, म्हणजे 40 सेंटिमीटर. अंगणात आम्ही टेप धरून हे करून बघितलं होतं, खुंट्यांऐवजी तुळशीजवळच्या काड्या खोचून. (पुढं जसजसं अंतर वाढतं तशी थोडी चूक वाढते, पण छोट्या तुकड्याला हे चालून जातं.)

1871 साली मोल्सवर्थ भारत सरकारचा रेल्वेसाठीचा सल्लागार अभियंता झाला आणि 1889 पर्यंत त्या जागेवर राहिला. आपल्या ठाण्याला पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला आली, म्हणजे त्याच्या आधी अठरा वर्षं. ती गाडी आणणारा मुख्य अभियंता जेम्स बर्कले. दोघांची गल्लत करू नये. 1888 साली मोल्सवर्थ 'सर' झाला. निवृत्तीनंतर युगांडा रेल्वेची पाहणी केली, नाणेव्यवस्थेत सोन्याबरोबर चांदीही हवी म्हणून वाद घातले, 1904 साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. 1925 साली शहाण्णवाव्या वर्षी वारला. 'अभियंता होता, मग लेखक झाला' असं त्याच्याबद्दल लिहिणं मला पटत नाही. त्याने अभियंतेपण कधी सोडलंच नाही. पुस्तक ही त्याच्या नोकरीची सावली होती, आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत ती लांबत गेली.

ती सावली आपल्याकडे आखडली ती मोजमापांमुळे. मेट्रिक पद्धतीचा कायदा 1956 साली झाला, 1960च्या दशकात व्यवहार बदलले. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, 1962 चं; ठाण्याची वागळे इस्टेट त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी. तिथल्या ड्रॉइंग बोर्डांवर मिलिमीटर आले आणि फूट-पौंडांची कोष्टकं बघता बघता कालबाह्य झाली. गंमत म्हणजे मोल्सवर्थने स्वतः मेट्रिक रूपांतराची कोष्टकंही छापली होती. नंतर कॅल्क्युलेटर आला आणि कोष्टकांची सवयच गेली.

वडिलांच्या प्रतीत वळणाच्या पानाच्या समासात पेन्सिलने मराठी अंकांत लिहिलंय, '२० मी. – ४० सें.मी.' आणि खाली, 'मुकादमाला सांगणे'.