पोलंडमधली गर्भपातबंदी पूर्वापार नाही

‘पोलंड कट्टर कॅथलिक, तिथे गर्भपाताला पहिल्यापासूनच बंदी’ हा समज चुकीचा आहे. १९५६च्या कायद्याने हलाखीच्या परिस्थितीवरूनही गर्भपाताला परवानगी दिली होती. साठच्या दशकात तर स्वीडनमधल्या स्त्रिया त्यासाठी पोलंडला येत. बंधनं आली ती कम्युनिस्ट राजवट गेल्यावर, १९९३मध्ये. त्याआधी सार्वमतासाठी दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या होत्या. सार्वमत झालंच नाही, आणि लोकशाहीच्या नावाने आलेल्या संसदेचा हा निर्णय मला अक्षम्य वाटतो. २०२०मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भपातासाठी तोवर मान्य असलेलं गर्भातल्या गंभीर व्यंगाचं कारणही रद्द केलं.

अर्थात, कम्युनिस्ट राजवटीत सगळीकडे मोकळीक होती असंही नाही. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६मध्ये कडक निर्बंध लादले; चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो स्त्रियांचा जीव गेला. डिसेंबर १९८९मध्ये त्याची सत्ता कोसळताच ते निर्बंध उठले.