पाटी लागते, पत्ता बदलत नाही

अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांत रस्ता किंवा पूल कुणाच्या तरी स्मरणार्थ अर्पण करणारी विधेयके नियमित येतात. त्यांवर क्वचितच वाद होतो, कारण त्या नावावर व्यवहारात फारसे काही अडत नाही.

पूर्वी अडत असे. 1913 मध्ये सुरू झालेल्या लिंकन हायवेसारखे मार्ग खासगी संघटना आखत आणि प्रवासी नावावरूनच वाट शोधत. एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या संघटनांच्या खुणा रंगवलेल्या असल्याने गोंधळ होई. नोव्हेंबर 1926 मध्ये देशभरासाठी क्रमांक ठरले. 1 सप्टेंबर 1928 रोजी बॉय स्काउट्सनी लिंकन हायवेच्या कडेने काँक्रीटचे खांब रोवले, तोवर त्याचा बराच भाग यूएस 30 झाला होता. वाट दाखवणे क्रमांकाकडे गेले, नावाकडे उरले ते फक्त स्मरण.

फ्लोरिडाच्या कायद्यातले कलम 334.071 हेच शब्दांत मांडते. सन्मानाच्या नावामुळे रस्त्याच्या चालू नावाच्या पाट्या, टपालाचे पत्ते किंवा आणीबाणीच्या 911 दूरध्वनी सेवेतल्या नोंदी बदलणे बंधनकारक होत नाही. परिवहन विभागावर फलक लावण्याचे बंधन आहे ते फक्त कायद्यात लिहिलेल्या टोकांना किंवा चौकांत.  शिवाय शहर किंवा काउंटीने (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाने) पाठिंब्याचा ठराव करावा लागतो, आणि पट्टा दोन काउंट्यांत असेल तर दोन्हींनी. एकीने टाळाटाळ केली की नाव कायद्यात, पण रस्त्यावर पाटी नाही. खरी अडवणूक इथेच होऊ शकते.

कॅलिफोर्नियात कायदा लागत नाही, दोन्ही सभागृहांचा ठराव पुरतो. फलकाचा खर्च मात्र देणग्यांतून उभा करावा लागतो. संघीय नियमावलीचा कल असा, की स्मृतिफलक विश्रांतिस्थळी लावावेत. मुख्य रस्त्यावर लावायचेच झाले तर प्रत्येक दिशेला एकच, आणि दिशादर्शक फलकावर ते नाव नको.

तरी नावाचे शस्त्रही होऊ शकते. रस्ता दत्तक घेऊन साफ ठेवण्याच्या योजनेत दत्तक घेणाऱ्याच्या नावाची पाटी लागते. त्या योजनेत मिसुरी राज्याने कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेला नकार दिला आणि 2000 मध्ये राज्य संघीय अपील न्यायालयात हरले. क्लॅनची पाटी रोखता येईना, तेव्हा सेंट लुइसजवळच्या आय-55 महामार्गाच्या त्याच पट्ट्याला विधिमंडळाने कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स यांचे नाव दिले. क्लॅन कचरा उचलायला फिरकलीच नाही आणि योजनेतून बाद झाली.