खळ्यावर तरवा: रक्ताच्या कॅन्सरची शंका आणि तपासण्यांचे कागद

शनिवार म्हणजे बेळगावचा बाजार. खेड्यांतून आलेली माणसं बाजारासोबत दवाखान्याचं कामही उरकून घेतात, त्यामुळे त्या दिवशी आमच्या लॅबच्या बाकावर माणसांपेक्षा पिशव्याच जास्त दिसतात. अशाच एका शनिवारी खानापूरकडचे एक मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा कागद, घड्या घालून घालून मऊ पडलेला. पांढऱ्या पेशींच्या ओळीत ठळक अक्षरात ३८,००० आणि शेजारी वर जाणारा बाण. गावात कुणीतरी मोबाइलवर बघून सांगितलं होतं, की पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे रक्ताचा कॅन्सर. मामांचा तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"बाई, ह्यात कॅन्सर म्हणालंय काय?"

कागद इंग्रजीत, दवाखान्याची पाटी कन्नडात आणि मामांना वाचता येते ती मराठी. सीमाभागात हे रोजचं आहे. त्यामुळे माणूस अक्षरं सोडून देतो आणि बाण तेवढे बघतो.

त्याच दुपारी निपाणीकडच्या एका बावीस वर्षांच्या मुलीचं रक्त आलं. पांढऱ्या पेशी २,१००, हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट २८,०००. डेंग्यू समजून चार दिवस सलाईन लावलं होतं. सोबत आलेला भाऊ तसा निर्धास्त होता. "पांढऱ्या कमीच आहेत की मॅडम, म्हणजे ते तरी नाही."

मामांना कॅन्सर नव्हता. मुलीला होता. हे आम्हाला कशावरून कळलं, ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी आकड्यांचं बघू. मोठ्या माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात आणि प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. पण एक लॅब ८,२०० छापते, दुसरी नुसतं ८.२ छापते आणि पुढे बारीक अक्षरात 'हजार' असा अर्थ सांगणारी खूण देते. कुठे प्लेटलेट १.८ लाख लिहितात, कुठे १८०. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून "पेशी एकदम उतरल्या" म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. उतरलं काहीच नव्हतं, एकक तेवढं बदललं होतं. टक्केवारीचंही तसंच. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ५० टक्के म्हटलं की छातीत धस्स होतं, पण एकूण पेशी ४,००० असतील तर त्यातल्या निम्म्या म्हणजे २,०००, आणि हा आकडा ठीकच आहे. लहान मुलांत तर चार-पाच वर्षांपर्यंत लिम्फोसाइटच जास्त असतात, ते त्यांचं नॉर्मल. प्लेटलेट एकाएकी फारच कमी आल्या आणि अंगावर डाग नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही, तर जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या औषधामुळे त्या एकमेकींना चिकटून बसल्या का, हे आधी पाहावं लागतं. मशीनला तो गठ्ठा एकेक करून मोजता येत नाही.

पांढऱ्या पेशी वाढायला कारणंही ढीगभर. कुठलाही जंतुसंसर्ग, गरोदरपण, विडी-सिगारेट आणि स्टेरॉइडची सुई. जबर संसर्गात आकडा ५०,००० च्या वर गेल्याचंही दिसतं. म्हणून निव्वळ मशीनच्या आकड्यावर मी कुणालाही कॅन्सर आहे किंवा नाही असं सांगत नाही. मला काच बघावी लागते.

काच म्हणजे पेरिफेरल स्मिअर. काचपट्टीच्या एका टोकाला रक्ताचा थेंब ठेवायचा, दुसरी काच तिरकी धरून त्याला टेकवायची, थेंब तिच्या कडेला पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे सारायचं. जिभेच्या आकाराचा पातळ थर तयार होतो. तो वाळला की लीशमनचा रंग घालायचा. विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरने १९०१ मध्ये दिलेली ही रीत आजही आपल्याकडे बहुतेक लॅबमध्ये चालते. मग काचेवर तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून बघायचं. लाल पेशी फिक्या गुलाबी, पांढऱ्या पेशींचे गाभे जांभळे. खर्च थोडा, पण बघणाऱ्याचा डोळा तयार हवा.

मामांच्या काचेवर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, खच्चून भरले होते, बहुतेक सगळे पिकलेले, थोडे अर्धवट. त्यांच्या पोटात गडद दाणे, म्हणजे पेशी जंतूंशी झुंजत असल्याची खूण. मी विचारलं, "मामा, कुठं लागलंय काय?" त्यांनी धोतर वर केलं. टाचेत उसाचं खुंट घुसून आठ दिवस झाले होते. वर हळद बांधलेली, आत पू. तिथल्या तिथे सर्जनकडे पाठवलं.

मुलीच्या काचेवर पेशीच विरळ. शोधत शोधत गेल्यावर एक सापडली, मग दुसरी. गाभा दुमडलेला, भोवती गच्च दाणे आणि त्यात काड्यांसारख्या जांभळ्या रेघा, एकदोन नव्हे तर अख्खी मोळीच्या मोळी. अशी पेशी रक्तात असायलाच नको.

खानापूर, चंदगडकडच्या वाचकाला हे भातशेतीतून सांगते. हाडांच्या आतला मगज म्हणजे तरव्याचा वाफा. तिथे कोवळी रोपं असायचीच. रक्त म्हणजे खळं, तिथे पिकलेलंच धान्य यायचं. मळणीच्या वेळी राशीत हिरवा तरवा दिसू लागला, तर शेतात काहीतरी बिघडलंय हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. या कोवळ्या पेशींना आम्ही ब्लास्ट म्हणतो. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, त्या पिकायच्या थांबतात आणि वाफाभर माजतात. मग हिमोग्लोबिन, प्लेटलेट, चांगल्या पांढऱ्या पेशी या सगळ्यांनाच जागा उरत नाही. म्हणूनच रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा कमीही असू शकतो, कारण तरवा वाफ्यातच दाटून राहिलेला असतो. भावाचा हिशेब इथे चुकला. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, घाटाखाली सत्तरी-दोडामार्गकडे दिसणाऱ्या माकडतापातही उतरतात. पण डेंग्यूत रक्त उलट घट्ट होतं. रक्तस्राव नसताना हिमोग्लोबिनही ७.८ वर आलं असेल, तर तिन्ही फळ्या एकदम का कोसळल्या हे विचारलंच पाहिजे. यालाही कॅन्सर हे एकच उत्तर नाही. बी-१२ च्या कमतरतेतही तिन्ही उतरतात, अगदी हुबेहूब, आणि ती इंजेक्शनांनी बरी होते. तेव्हा पुढची पायरी गाठावीच लागते.

ती पायरी म्हणजे मगजाची तपासणी. या तपासणीची लोकांना फार भीती. "मणक्यात सुई घालतात, पाय जातात" हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. बोन मॅरो मणक्यातून काढत नाहीत. कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून काढतात. मगज ओढताना काही सेकंद जोराची कळ येते, हे मी लपवत नाही. पण पायांच्या नसा तिथून दूर आहेत. पातळ मगजाची काच एक-दोन दिवसांत वाचून होते. सोबत काढलेला हाडाचा बारीक तुकडा आधी मऊ करावा लागतो, त्याला आणखी दिवस लागतात. रिपोर्टला उशीर झाला म्हणजे काही दडवताहेत, असं समजू नका. मगजात ब्लास्ट २० टक्के किंवा त्याहून जास्त असले की सहसा तीव्र ल्युकेमिया म्हणतात.

इथे घरचे विचारतात, "कॅन्सर कळला ना, मग आता पुन्हा पुण्या-मुंबईला कसले नमुने पाठवता?" प्रश्न रास्त आहे, एकेका तपासणीला हजारोंनी पैसे लागतात. पण ब्लास्ट दिसायला सारखे असले तरी जात वेगळी असते आणि जातीप्रमाणे औषध बदलतं. फ्लो सायटोमेट्रीत पेशींना चमकणाऱ्या खुणा चिकटवून लेझरसमोरून एकेक करून सोडतात. बी पेशी, टी पेशी (या दोन्ही लिम्फोसाइटच्या जाती) की मायलॉइड (न्यूट्रोफिलच्या कुळातल्या), हे त्यावरून कळतं. नमुना ताजा लागतो, म्हणून त्याची घाई असते. पुढे गुणसूत्रं आणि जनुकं. १९६० मध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या एका रक्ताच्या कॅन्सरच्या, रुग्णांत एक तोकडं गुणसूत्र दिसलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन ते तयार होतं, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्या सांध्यावर जन्मणाऱ्या प्रथिनावर बेतलेली इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये बाजारात आली, आणि पूर्वी काही वर्षांत माणूस नेणारा आजार रोजच्या गोळीवर येऊन ठेपला. बीसीआर-एबीएल, म्हणजे तोच सांधा शोधणारी तपासणी, डॉक्टर लिहून देतात ती यासाठी. ती केलीच नाही, तर ही गोळी द्यायची की नाही हे कळायचं कसं?

मुलीच्या काचेवरची ती मोळी एका खास जातीची होती, प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया. यात रक्त गोठण्याची सगळी घडी विस्कटते आणि माणूस पहिल्याच काही दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावाने जाऊ शकतो. म्हणून इथे जनुकाच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत. संशय आला की त्याच दिवशी ट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सुरू करतात. हे अ जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध अडकलेल्या पेशीला मारत बसत नाही, तिला पिकवतं! शांघायच्या वांग झेनयी यांच्या चमूने १९८८ मध्ये हे जगापुढे मांडलं. तरवा पिकवणारं औषध. मी तासाभरात तिच्या डॉक्टरांना फोन केला, आणि रात्री तिचा पहिला डोस गेला.

रक्ताचे सगळे कॅन्सर सीबीसीत दिसत नाहीत, हेही सांगायला हवं. साठीच्या बाईची पाठ महिनोन् महिने दुखते, हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं, ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) शंभराच्या पुढे, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं, आणि काचेवर लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक. हे मायलोमाचं, म्हणजे मगजातल्या प्रथिनं बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरचं, चित्र असू शकतं. लघवीच्या साध्या पट्टीवर अल्ब्युमिन कळतं, मायलोमाचं प्रथिन बहुधा सुटून जातं. त्यासाठी रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस आणि लाइट चेनची (त्या प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांची) तपासणी मागावी लागते. लिम्फोमात, म्हणजे लसिका गाठींच्या कॅन्सरमध्ये, तर सीबीसी अगदी सरळ येऊ शकतो. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. ही लक्षणं टीबीचीही, आणि आपल्याकडे टीबी खूप. पण गाठीचा तुकडा न तपासता टीबीची औषधं सुरू झाली की दोन-चार महिने हातचे जातात. सुईने काढलेलं पाणी इथे बऱ्याचदा पुरत नाही, शक्य असेल तर अख्खी गाठ काढून बघावी लागते.

आणि एक कळकळीची विनंती. ताप उतरत नाही, सांधे दुखतात, म्हणून जवळच्या डॉक्टरकडून 'ताकदीची सुई' घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असेल तर दोन दिवस बरं वाटतं, गाठीही ओसरतात, कारण लिम्फोमाच्या आणि काही ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडने विरघळतात. आजार मात्र गेलेला नसतो, आणि बायोप्सीत नेमकं काही सापडत नाही. सुई घेतलीच असेल तर तपासणीआधी ते सांगा. कुणी रागावणार नाही.

मुलीच्या भावाने निघताना विचारलं, सोबत काय न्यायचं? तेच इथे लिहिते. मिरज, कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरूचं किदवई की मुंबईचं टाटा, कुठेही जा, नुसते कागद नेऊ नका. पहिली काच, मगजाची काच आणि हाडाच्या किंवा गाठीच्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट पुन्हा बघतात आणि कधीकधी मत बदलतं. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, तापात केलेला जुना सीबीसी घरात असेल तर तोही घ्या, कारण उतरण कधीपासून लागली हे त्यावरून कळतं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या. कर्नाटकची आरोग्य योजना आहे, आणि महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली आहे. आपल्या गावाला आणि त्या रुग्णालयात कुठली चालते, ते तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) पहिल्याच दिवशी विचारा.

काचा डबीत उभ्या ठेवायच्या, एकमेकींवर घासू द्यायच्या नाहीत. भावाने ती डबी रुमालात गुंडाळून शर्टाच्या आत, छातीशी धरली आणि तो जिना उतरला.