गळणारा बोगदा बरा

९ जुलै २०२४ रोजी गोव्यातल्या पेडण्याच्या, कोकण रेल्वेच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला. तो उपसून मार्ग मोकळा केला, तर रात्रीत पुन्हा तेच. ऑगस्ट २०२० मध्ये याच बोगद्याची भिंत आतून ढासळली होती. असं काही झालं की कुणी म्हणतं, राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, न विचारता डोंगर फोडला. कुणी म्हणतं, बोगदा गळत होताच, पडणारच होता. राखणदाराला नारळ जरूर ठेवावा, पण त्याने पाण्याचा दाब उतरत नाही. दुसरं म्हणणं तर खऱ्याच्या जवळजवळ उलटं आहे.

आपल्या डोंगरात वर सच्छिद्र जांभा असतो आणि खाली बऱ्याच ठिकाणी मऊ माती. पावसात आतल्या पाण्याची पातळी चढते. दहा मीटर उंचीचं पाणी प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांनी रेटतं. ते बोगद्याच्या आतल्या काँक्रीटच्या अस्तरामागे साचू नये म्हणून त्यात मुद्दाम निचऱ्याची भोकं ठेवतात. म्हणजे तिथून पाणी येणं ही योजनाच आहे.

वय झालं की ही भोकं बुजतात. काँक्रीटमधला कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्याबरोबर झिरपतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो; गिझरमध्ये साचतो तोच पांढरा क्षार. जांभ्याच्या मुलखात आणखी एक उपद्रव असतो. पाण्यात विरघळलेल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करून जगणारे जीवाणू निचऱ्याच्या नळ्यांत तांबडा बुळबुळीत गाळ धरतात. भोक बुजलं की भिंत छान कोरडी दिसते आणि मागे दाब चढत राहतो.

खरी गंमत मातीत आहे. कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात म्हणून माती उभी राहते. मधल्या पाण्याचा दाब वाढला की वरच्या भाराचा तेवढा वाटा पाणीच उचलतं. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केला की उरतो तो कणांवरचा परिणामी दाब, आणि घर्षण फक्त त्यावर अवलंबून. अभियंते कार्ल टेरझागी यांनी १९२०च्या दशकात मांडलेलं हे सूत्र आहे. परिणामी दाब शून्याकडे गेला की काल ठणठणीत वाटणारी माती आज चिखल होऊन वाहते.

म्हणून स्वच्छ ठिबक चालेल, गढूळ नको. गढूळ पाणी मागची माती ओढून आणत असतं. भर जुलैत अचानक थांबलेली ठिबक तर मला त्याहून संशयास्पद वाटते. निचऱ्याची दुसरी वाट न काढता आतून सिमेंट मारून गळती बंद करणं म्हणजे दाबाला कोंडणं. ‘स्मार्ट’ सेन्सर दाब मोजतील, भोकं धुणार नाहीत.

धुवायची कधी, हा वाहतुकीचा पेच. रस्त्याच्या बोगद्यात एक मार्गिका झाकून दुसरीतून आळीपाळीने वाहनं सोडता येतात. इथे रूळ एकेरी, ती सोय नाही. २०२०मध्ये गाड्या पनवेल-पुणे-मिरज-लोंढामार्गे मडगावला न्याव्या लागल्या. एरवी दोन गाड्यांमधल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे रूळ बंद ठेवलेल्या वेळात, जमेल तेवढं काम उरकतात. ते मृगाआधी व्हायला हवं, पण मे महिन्यात सुट्टीची गर्दी. पुढे ढकललं तर पाऊस आणि गणेशचवथीची गर्दी. माझं विचाराल तर मे महिन्यातच गाड्या उशिरा धावू द्याव्यात आणि तेवढ्यात भोकं धुऊन घ्यावीत.