ऐतिहासिक कादंबरी, खानदेशविषयक

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील सत्ता, घराणी किंवा लोकसमूह यांच्या इतिहासावर बेतलेली मराठी कादंबरी. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) मानतात. पुढे शिवकाल आणि पेशवाई हेच या प्रकाराचे मुख्य विषय झाले, आणि खानदेश त्यात बहुधा बऱ्हाणपूरच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून आला. या प्रदेशाला स्वतःचे दोन शतकांहून अधिक काळाचे राज्य होते, हे पाहता ही उपेक्षा मोठी आहे.

फारुकी घराण्याने १३८२ ते १६०१ या काळात आधी थाळनेर आणि नंतर बऱ्हाणपूर येथून राज्य केले. त्या काळाची साधने मुख्यतः फार्सीत आहेत, आणि बऱ्हाणपूर व असीरगड आज मध्य प्रदेशात आहेत. त्यामुळे मोडी वाचणारा मराठी लेखकही येथे अडतो. फारुकींनी असीरगड त्याचा धनी आसा अहिर याच्याकडून डोल्यांतून माणसे पाठवून घेतल्याची हकीकत लेखकांना मोह घालते. मात्र ती सांगणारा फार्सी इतिहासकार फिरिश्ता त्या घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहितो. प्रसंग घ्यावा, पण प्रस्तावनेत हे अंतर नोंदवावे. मराठी कागदांसाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ महत्त्वाचे आहे, वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावे ते सुरू झाले. एकोणिसाव्या शतकासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेश खंड (१८८०) हाताशी हवाच. आंबापाणीची लढाई (११ एप्रिल १८५८) लिहिताना मात्र सावध राहावे. तेथील भिल्ल लढवय्यांविषयीचे बहुतेक लेखन त्यांच्याशी लढणाऱ्या सरकारचे आहे. भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक आधी सेंधवा घाटाच्या पहाऱ्यावर सरकारी चाकरीत होता, हा तपशील गाळला की त्याचे बंड सपाट होते.

तारखा जुळवताना सर्वाधिक चुका होतात. शकात ७८ मिळवून इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. जुन्या मराठी पत्रांतला सुहूर सन (एक जुनी कालगणना) अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो: ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०. हा सन मृगाला बदलतो, म्हणून जानेवारी ते मृग या काळातल्या पत्राला ६०० मिळवावे. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले. एका वर्षाची गफलत झाली की मृत पेशव्याच्या नावाने हुकूम सुटतो.

कालविसंगती स्वयंपाकघरातूनही शिरते. फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याच्या काळात वांगी होती, पण हिरवी मिरची व शेंगदाणे घातलेले भरीत असणे शक्य नाही. ही दोन्ही पिके अमेरिका खंडातून पुढे आली. शासकीय नावांचेही तसेच. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग १९०६ मध्ये झाले, नंदुरबार जिल्हा १९९८ चा. १८५७ च्या कथेत ‘जळगाव जिल्हा’ आला तर जाणकार वाचक तेथेच पुस्तक मिटतो. भाद्रपदात फुगलेली तापी घोड्यावरून सहज ओलांडणारे नायकही असेच खटकतात.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही रीत रुळली आहे. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’, ‘मला’ला ‘माले’, ‘चा’ प्रत्ययाला ‘ना’ येतो. पण सारा खानदेश अहिराणी बोलत नाही. रावेर-यावलच्या लेवा पाटलाच्या तोंडी लेवा गणबोली हवी, सातपुड्यात पावरी आणि भिलीच्या बोली. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्हायना’मधला अर्धा र हटकून बिघडतो आणि ‘र्हायना’ उमटते. म्हणून संवादांचे मुद्रितशोधन बोली जाणणाऱ्याकडून वेगळे करून घ्यावे.

छपाईत एक फर्मा साधारणपणे सोळा पानांचा धरतात. ३२० पानांचे वीस फर्मे नेमके भरतात, ३२४ झाली तर एकविसाव्यातली बारा पाने कोरी उरतात. ती नकाशा, वंशावळ आणि शब्दसूचीला द्यावीत. नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशनानंतर ३० दिवसांत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी तीन ग्रंथालयांकडे पाठवणे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. नवी कादंबरी हाती आली की आधी प्रस्तावना आणि साधनांची यादी पाहावी. खरे काय आणि रचलेले कोणते प्रसंग, हे लेखकाने तेथे वेगळे सांगितले नसेल तर त्या पुस्तकातली तारीख दुसरीकडे उद्धृत करू नये.