मायक्रोफोनला भावलेला गळा

१९४८च्या सुमाराची गोष्ट. संगीतकार गुलाम हैदर यांनी अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मराठी मुलीचा आवाज फिल्मिस्तान या चित्रपटसंस्थेचे निर्माते शशधर मुखर्जी यांना ऐकवला. आवाज फारच बारीक आहे, असे सांगून मुखर्जींनी तो नाकारला. हैदर मागे हटले नाहीत. त्यांनी त्याच वर्षीच्या ‘मजबूर’ चित्रपटात तिच्याकडून गाऊन घेतले. १९४९ मध्ये ‘महल’ आला आणि लता मंगेशकर हे नाव देशभर पोचले.

मुखर्जींच्या कानाला दोष देण्याचे कारण नाही. त्यांचा कान आधीच्या युगात तयार झाला होता आणि त्या युगात आवाज ‘फेकावा’ लागे. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ हे बलवंत संगीत मंडळीचे गायक नट. तेव्हाच्या संगीत रंगभूमीवर ध्वनिवर्धक नव्हते. पिटातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचे ते निव्वळ फुप्फुसांच्या बळावर, तेही ऑर्गन आणि तबल्याच्या वरताण. ध्वनीचा स्रोत आणि ऐकणारा यांच्यातले अंतर दुप्पट झाले, की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. गायकापासून एक मीटरवर असलेल्या आवाजाचे सोळा मीटरवर चोवीस डेसिबल गेलेले असतात. (भिंतींवरून परतणारा ध्वनी थोडी भर घालतो, म्हणून तर जुनी नाट्यगृहे चालली.) अशा ठिकाणी भरदार, जोरकस गळाच हवा.

मायक्रोफोन ओठांपासून वीतभर अंतरावर आला आणि हा हिशेब संपला. १९३० नंतरच्या दशकात पार्श्वगायनाची पद्धत रुजली. आता जोराला किंमत उरली नव्हती. आवाजाची कोणती कंपने यंत्रातून सहीसलामत पार होतात, याला आली होती.

सुरांच्या भाषेत सांगतो. पेटीवरची काळी पाच ही पट्टी धरली तर षड्ज (सा) साधारण २३३ हर्ट्झ, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला २३३ वेळा उघडमीट करतात. त्याच पट्टीतला तार पंचम (वरच्या सप्तकातला प) ७०० हर्ट्झच्या जवळ जातो. प्रत्येक सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. तेव्हा उंच गाणाऱ्या बाईच्या आवाजाची बहुतेक ताकद ५०० ते ३००० हर्ट्झ या पट्ट्यात येते. चहाच्या हॉटेलातला रेडिओ, त्याचा लहानसा कर्णा, चित्रपटाच्या फितीच्या कडेला छापलेली ध्वनिपट्टी, सगळ्यांचे काम नेमके याच पट्ट्यात चांगले चाले. खालचा खर्ज लहान कर्ण्यातून निघत नसे आणि वरची झिलई ध्वनिमुद्रणातच गळून जाई.

आपल्या कानाचीही इथे मदत होते. कानाची नळी अडीच सेंटीमीटरच्या आसपास लांब असते. एका टोकाला पडद्याने बंद असलेली ही नळी तीन हजार हर्ट्झच्या आगेमागे स्वतःच घुमते, त्यामुळे त्या टापूतला बारीकसा आवाजही आपल्याला ठळक ऐकू येतो. ज्याला मुखर्जी बारीक म्हणाले, तो आवाज त्या काळातल्या यंत्रांना आणि कानांना अगदी मानवणारा होता. माझ्या मते लताबाईंच्या उदयाचे हे भौतिक कारण आहे आणि ते पुरेसे सांगितले जात नाही.

पण मायक्रोफोनपुढे नुसते उभे राहून भागत नाही. ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याची सुरुवात दुरून यायला हवी होती. लताबाईंनीच सांगितलेली हकीकत अशी, की मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला होता. त्या कोपऱ्यातून सुरुवातीच्या ओळी गात एकेक पाऊल पुढे येत आणि मुखडा सुरू व्हायच्या वेळी मायक्रोफोनपाशी पोचत. संगीतकार होते खेमचंद प्रकाश.

आवाज फक्त लहान केला असता तर हा परिणाम साधला नसता. बंद खोलीत मायक्रोफोनकडे दोन प्रकारचा ध्वनी येतो, एक गायिकेच्या तोंडातून थेट आणि दुसरा भिंती, छत, जमीन यांवरून परतलेला. थेट ध्वनी अंतराबरोबर झपाट्याने घटतो. परतलेला ध्वनी मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. गायिका दूर असते तेव्हा मिश्रणात परतलेल्या ध्वनीचा वाटा मोठा असतो. ती जवळ येते तसा थेट ध्वनी वर चढतो. आपला मेंदू डोळे मिटूनही अंतर ओळखतो ते प्रामुख्याने याच प्रमाणावरून. आज हे काम संगणकावर बटण फिरवून होते. १९४९ मध्ये ते पायांनी करावे लागले आणि चालताना सूर तसूभर हलू द्यायचा नव्हता. त्यात सगळा वाद्यवृंद सोबतच वाजवत असे. कोणाचीही चूक झाली की गाणे पहिल्यापासून. त्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले होते. खरी गायिका कोण, अशी विचारणा करणारी पत्रे रेडिओकडे आली, मग नाव जाहीर झाले.

मायक्रोफोन जवळ आल्याने एक नवी अडचणही आली. श्वास ऐकू येऊ लागला. नाट्यगृहात श्वासाची चिंता नव्हती. तो कुठे घ्यायचा आणि घेताना तोंड मायक्रोफोनपासून अलगद कसे बाजूला न्यायचे, हे आपल्याला संगीतकार अनिल विश्वास यांनी शिकवले, असे लताबाई सांगत. श्वासाची खरी कसोटी तो घेतल्यानंतर लागते. फुप्फुसे पूर्ण भरली की छातीचा पिंजरा आपणहून मिटू पाहतो आणि हवा हवी त्याहून जोराने बाहेर ढकलतो. म्हणून ओळीच्या आरंभी श्वास आत घेणारे स्नायूच ताणून धरावे लागतात, म्हणजे ब्रेक लावावा लागतो. ओळ संपत येते तेव्हा उलट पोटाच्या स्नायूंनी रेटा द्यायचा. ही बदली ऐकणाऱ्याला कळता कामा नये. लताबाईंच्या लांब ओळींचा शेवटचा सूर पहिल्याइतकाच स्थिर लागतो, तो या अदलाबदलीवर त्यांचा ताबा होता म्हणून.

मुरकी आणि छोट्या हरकती, म्हणजे झरझर घेतलेल्या स्वरांच्या लहान नक्षी, तर याहून नवलाच्या. गाताना आपण स्वतःचा आवाज ऐकून सूर दुरुस्त करत असतो, पण कानापासून मेंदूमार्गे स्वरयंत्रापर्यंत ही दुरुस्ती पोचायला साधारण शंभर मिलिसेकंद किंवा थोडा जास्त वेळ लागतो. जलद हरकतीत एक स्वर जेमतेम तेवढाच टिकतो. चूक उमगेपर्यंत पुढचा स्वर आलेला असतो. तेव्हा प्रत्येक स्वरासाठी स्वरतंतू किती ताणायचे, हा आदेश आधीच तयार हवा. असा आदेश वर्षानुवर्षांच्या रियाजातून मेंदूत बसतो. लताबाईंचे शिक्षण वडिलांकडे लहानपणीच सुरू झाले होते. १९४२ मध्ये दीनानाथ गेले आणि तेराव्या वर्षी घराचा भार अंगावर आला. पुढे मुंबईत उस्ताद अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांची तालीम मिळाली.

शब्दोच्चाराबद्दलही बोलायला हवे. दिलीपकुमारांनी मराठी वळणाच्या उर्दूबद्दल शेरा मारल्यावर लताबाईंनी शिक्षक ठेवून उर्दू शिकून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. विज्ञानाच्या अंगाने त्यात एक पेच आहे. ‘ई’ किंवा ‘ऊ’ हे स्वर आपण ओळखतो ते तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या ठरावीक पट्ट्यांवरून, आणि त्यांतला सर्वांत खालचा पट्टा ३०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास असतो. गाण्याचा सूरच ७०० वर गेला, की त्या पट्ट्यात घुमायला काही उरत नाही. उंचावर सगळे स्वर ‘आ’कडे झुकतात. मग शब्द वाचवायचे ते व्यंजनांनी आणि एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या क्षणांनी. लताबाई तारसप्तकात गात असतानाही शब्द लिहून घेता येतात, याचे श्रेय त्या क्षणांवर घेतलेल्या मेहनतीला आहे.

वयाबरोबर स्वरतंतूंतले लवचिक धागे कमी होतात, वरचा थर जाड होतो आणि स्त्रियांचा आवाज सहसा खाली उतरतो. लताबाईंच्या आवाजातही बदल झालाच, तरी २००६च्या ‘रंग दे बसंती’त त्या गायल्या तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्यांचा आवाज विशीत असताना ध्वनिमुद्रणात साधारण सात-आठ हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उतरत नसे. त्याहून वरचे बारीकसारीक टिपणारी यंत्रे सर्रास आली, तोवर त्या चाळिशीत होत्या. ‘महल’च्या वेळचा तो आवाज त्याच्या सगळ्या उपस्वरांसह ऐकला, तो फक्त त्या खोलीत हजर असलेल्यांनी.