पांढरा बॉल थांबत का नाही? क्यू बॉलच्या वजनामागची पार्श्वभूमी

पूल, म्हणजे काठीने बॉल ढकलून टेबलाच्या पॉकेटात (भोकात) घालायचा बिलियर्ड्सच्या कुळातला खेळ, खेळताना एक तक्रार नेहमी ऐकू येते: पांढरा बॉल जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही. दोष बहुधा खेळणाऱ्या पोराच्या हाताला दिला जातो. माझं ठाम मत आहे की आधी क्यू बॉल (काठीचा फटका ज्याला मारतात तो हा पांढरा) आणि बाकीचा सेट काट्यावर ठेवून बघावा. बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात नव्याने खेळू लागलेल्यांना ही वजनं कुठून आली ते कळायला हवं, म्हणून हे टिपण.

बिलियर्ड्सचं टेबल आपल्या देशात इंग्रजांच्या लष्करी छावण्यांबरोबर पसरलं. बेळगावचा किल्ला 1818 मध्ये त्यांच्या हाती गेला आणि पुढे इथेही कॅम्प वसला. स्नूकर तर हिंदुस्थानातच जन्मलं, 1875 मध्ये जबलपूरला. नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याला त्याचं श्रेय दिलं जातं.

त्या वेळचे चांगले बॉल हस्तिदंताचे. एका सुळ्यातून मोजकेच निघायचे. सुळ्याच्या मधोमध जाणारी बारीक पोकळी बॉलच्या बरोबर केंद्रातून गेली नाही, तर एक बाजू जड होऊन बॉल वाकडा धावायचा. शिवाय हस्तिदंत हवेतला ओलावा शोषतो आणि आकार बदलतो. बेळगावातला आषाढ-श्रावण ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही अडचण वेगळी समजावायला नको. आणि या खेळापायी किती हत्ती मेले, हे विसरून चालणार नाही.

1860 च्या दशकात न्यूयॉर्कच्या फेलन आणि कोलेंडर या बिलियर्ड्स कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यासाठी 10,000 डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. त्यातून जॉन वेस्ली हायट सेल्युलॉइड या सुरुवातीच्या प्लास्टिककडे वळला. विसाव्या शतकात बेकेलाइट आलं आणि मग आजची फिनॉलिक रेझिन. बेल्जियमच्या सालुक कंपनीचे अरामिथ बॉल याच रेझिनचे. स्वस्त सेट पॉलिएस्टरचे असतात. ते लवकर झिजतात.

साचा आणि मिश्रण हातात आलं, तसं वजनही नियमात बांधता आलं. पूलचा बॉल 57.15 मिमी व्यासाचा आणि 156 ते 170 ग्रॅमचा. स्नूकरचा 52.5 मिमी, तिथे ठरावीक वजन नाही, पण एका सेटमधल्या बॉलांत 3 ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. मला स्नूकरचा नियम जास्त शहाणा वाटतो. 156 चा पांढरा आणि 170 चे रंगीत, दोन्ही पूलच्या मर्यादेत बसतात, पण एकत्र खेळवले तर खेळ बिघडतो.

कारण सरळ आहे. वजन सारखं असेल आणि फिरकी नसेल, तर समोरासमोरच्या टकरीत पांढरा आपला सगळा वेग देऊन जागेवर थांबतो. जड असेल तर पुढे सरकतो आणि ड्रॉ (टकरीनंतर पांढरा मागे आणणारा फटका) मारायला जोर लागतो. हलका असेल तर उलटा येतो, ड्रॉ सोपा होतो, फॉलो (टकरीनंतर पांढरा पुढे नेणारा फटका) अवघड.

जड पांढऱ्याचं एक कारण नाणं टाकून चालणारी टेबलं. पॉकेटात गेलेला पांढरा टेबलाला रंगीत बॉलांपासून वेगळा काढता यावा म्हणून परदेशात तो मोठा, जड किंवा चुंबकाला ओढला जाईल असा बनवला गेला. 60.3 मिमीचा पांढरा त्याच रेझिनचा असेल, तर 170 चा थेट 200 ग्रॅमच्या आसपास जातो.

हलक्याचं कारण झीज. प्रत्येक फटका पांढऱ्यालाच बसतो, त्यामुळे तो सर्वांत आधी लहान होतो. आणि वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटतं: 57.15 चा 56.5 मिमी झाला, डोळ्यांना काही कळणार नाही, तरी 170 ग्रॅमचा साधारण 164 वर येतो. मग पार्लरवाला सुटा नवा पांढरा आणतो. आता तो झिजलेल्या रंगीत बॉलांपेक्षा जड.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची पट्टी) रोज हाताळणाऱ्यांना हे तपासणं अवघड नाही. एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. सोळाही बॉल तोलावेत, पांढऱ्याचा व्यास दोन जागी मोजावा आणि नवा घेताना बाकीच्या सेटच्या सरासरी वजनाशी जुळणारा मागून घ्यावा.